सगळं पाठ होतं, उठणं तेवढं होत नव्हतं: मेंदूच्या कॅन्सरच्या उपचारांनंतरच्या व्यायामाचं एक प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ही केस लिहायला पेशंट आणि त्यांच्या मिसेस दोघांनीही हो म्हटलंय, तरी ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही आणि एकदोन बारीक तपशील बदललेत. त्यांना मी सर म्हणायचे आणि त्यांच्या मिसेसना ताई, तेच इथे वापरते. हीच केस का, तर यात मी दोनदा चुकलेय, आणि दोन्ही चुका अशा आहेत की आमच्या कामात कुणाकडूनही सहज होतील.

पार्श्वभूमी

सर ४६ वर्षांचे, काम अकाउंट्सचं. सुरुवात झाली ती डाव्या हातापासून. हात मधेच आपोआप उडायचा, दोनेक मिनिटं, आणि थांबायचा. शुद्ध जात नव्हती, त्यामुळे पहिल्या दोन वेळा घरात कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरकडे गेले, एमआरआय झाला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला, पुढच्या भागात म्हणजे फ्रंटल लोबमध्ये गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठीचा बराचसा भाग काढता आला, रिपोर्ट आला अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड ३, आयडीएच म्युटेशन असलेला, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींतून वाढणारा कॅन्सर, ज्यात आयडीएच नावाच्या जीनमध्ये बदल झालेला असतो. मग ३३ वेळा रेडिएशन, आठवड्याचे पाच दिवस धरले तर साधारण साडेसहा आठवडे. त्यानंतर महिनाभर थांबून टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्या, २८ दिवसांतले पाच दिवस, अशा बारा सायकल ठरलेल्या.

माझ्याकडे आले तेव्हा रेडिएशन संपून तीन आठवडे झाले होते, किमोची पहिली सायकल पुढच्या आठवड्यात सुरू होणार होती. फिटच्या गोळ्या चालू, आणि डेक्सामेथासोन चालू. हे स्टेरॉइड मेंदूची सूज कमी करायला देतात, रेडिएशनच्या काळात ८ मिलीग्रॅमवर होते, मी बघितलं तेव्हा ४ वर आले होते, पण एकूण अकराएक आठवडे पोटात जात होतं. चेहरा गोल झालेला, हातपाय बारीक.

आल्या आल्या ताईंचं पहिलं वाक्य, "यांना कमोडवरून उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागतात." सर शेजारी शांत बसलेले. त्यांना विचारलं काय त्रास आहे, तर म्हणाले, "तसं काही नाही, बरंय."

नेमकी अडचण काय होती

एक नव्हती, चारपाच एकमेकांत गुंतलेल्या होत्या आणि त्या वेगळ्या करायला मला वेळ लागला.

सगळ्यात आधी मांड्या. स्टेरॉइड जास्त दिवस चालू राहिलं की मांड्या आणि कमरेभोवतीचे स्नायू झिजतात. हाताची पकड बऱ्यापैकी, पायाची बोटं उचलता येतात, पण खुर्चीतून उठता येत नाही आणि जिना चढता येत नाही, हे याचं ठरलेलं चित्र. घरच्यांना वाटतं गाठ वाढली की काय. सरांच्या बाबतीत दोन्ही मांड्या सारख्याच अशक्त होत्या, आणि गाठीमुळे आलेला अशक्तपणा असता तर तो एकट्या डाव्या बाजूला जास्त दिसला असता, त्यामुळे मुख्य गुन्हेगार स्टेरॉइडच असणार असं मला वाटलं आणि न्यूरोसर्जनचंही तेच मत पडलं. डोस हळूहळू उतरवायचं आधीच ठरलेलं होतं. तो हळूच उतरवावा लागतो, एकदम बंद केला तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार व्हायला वेळ लागतो आणि माणूस कोसळतो.

दुसरं म्हणजे डावी बाजू. डाव्या पायात थोडी कमजोरी होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे डावीकडे लक्षच नव्हतं. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा, आणि आपटल्याचंही त्यांना फारसं काही वाटायचं नाही.

तिसरा थकवा. शून्य ते दहामध्ये सात सांगितला. रेडिएशन संपलं की बरं वाटेल अशी लोकांची समजूत असते, पण डोक्याच्या रेडिएशनमध्ये संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत थकवा आणि झोप उलट वाढू शकते, हे कुणी आधी सांगितलेलं नसलं की घरात घबराट होते. ताई घाबरलेल्याच होत्या.

आणि चौथं, जे मला पहिल्या दिवशी दिसलंच नाही. त्यावर पुढे येते.

पहिल्या दिवशीचे आकडे असे. अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीतून उठणं ५ वेळा. सहा मिनिटांत चालणं ३१० मीटर, मधे एकदा थांबून. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला १५ सेकंद. डाव्या एका पायावर उभं राहणं जेमतेम ३ सेकंद.

समोर असलेले पर्याय

किमो संपेपर्यंत आराम करू दे, हा नातेवाइकांचा आवडता पर्याय. बारा सायकल म्हणजे जवळजवळ वर्ष. मांड्या आधीच गेलेल्या, त्यात वर्षभर बसून काढलं तर उरलेलं पण जाईल. शिवाय मेंदूच्या गाठीच्या पेशंटना पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका मुळातच जास्त असतो, न हलणं त्याला हातभारच लावतं. हा पर्याय लगेच बाद केला.

सेंटरवर येऊन आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, हा मला स्वतःला आवडणारा. कॅन्सरनंतरच्या व्यायामाच्या २०१९ मध्ये आलेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या सूचनाही साधारण तिथेच जातात, आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम जोराचा दम लागणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. पण त्यामागचे बहुतेक पेशंट स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचे, त्यांना डावी बाजू न दिसण्याचा प्रश्न नसतो. आणि सरांना येण्याजाण्यातच दीड तास लागायचा, फिट येऊन गेलेली म्हणून गाडी चालवायची नाही, म्हणजे प्रत्येक वेळी ताईंची सुट्टी. दोन वेळा आले असते आणि बंद पडलं असतं.

घरी व्यायाम आणि लांबून लक्ष ठेवणं, याला थोडा आधार आहे. नेदरलँड्समध्ये ग्लायोमाच्या (सरांची गाठ ज्या गटातली, त्या मेंदूच्या गाठी) ३४ पेशंटवर एक छोटा ट्रायल झाला होता, २०१८ मध्ये छापून आला. घरच्या घरी, आठवड्यातून तीनदा, सहा महिने, लांबून मार्गदर्शन. लोकांना ते जमलं. पण ते सगळे तब्येत स्थिर असलेले होते, आमचे सर उपचारांच्या मधोमध.

शेवटी मिश्र ठरवलं. आठवड्यातून एकदा माझ्याकडे, बाकी घरी, मधे एक व्हिडिओ कॉल. ट्रेडमिल नको, कारण डावीकडे लक्ष नसलेल्या माणसाचा डावा पाय पट्ट्याच्या कडेला कधी जाईल सांगता येत नाही. सरांना पोहायला जायचं होतं, पूर्वी पोहायचे. फिटचा धोका असताना एकट्याने पाण्यात अजिबात नाही, सोबत कुणी असलं तरी सध्या नाही, असं सांगितलं. रस्त्यावर सायकल पण नाही. त्यांनी वाद घातला नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, पूर्वी नियमित पोहणारा माणूस एवढ्या सहज "बरं" म्हणतो?

पहिला प्लॅन आणि तो कसा पडला

मी नऊ व्यायामांचा कागद दिला. छापील, चित्रांसकट, किती वेळा करायचा ते समोर लिहिलेलं. खुर्चीतून उठणं, टेबल धरून टाचा उचलणं, कोपऱ्यात उभं राहून तोल सांभाळणं, दिवसातून दोनदा दहा मिनिटं चालणं वगैरे. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही, कारण श्वास कोंडून जोर लावला की डोक्यातला दाब वाढतो. सगळं समजावलं, त्यांच्याकडून करून घेतलं. सरांनी घरी जाऊन त्याचा तक्ता बनवला, रकान्यांसकट, टोटलची ओळ पण.

पुढच्या भेटीला आले. तक्ता कोरा.

विचारलं तर नऊच्या नऊ व्यायाम क्रमाने म्हणून दाखवले, आकड्यांसकट, कुठे श्वास सोडायचा ते पण. केले का? "करायचे होते." मग? "राहून गेलं." चेहऱ्यावर ना ओशाळलेपणा ना चिडचिड. ताई मात्र फुटल्या. दिवसभर सांगते, भांडते, रडते, हे हो म्हणतात आणि बसून राहतात, टीव्ही संपला तरी बंद करत नाहीत, बंद टीव्हीसमोर पण बसतील. मुलगी बाबांशी बोलेनाशी झालीय कारण तिला वाटतं बाबांनी हार मानली.

आणि मी फाइलमध्ये काय लिहिलं, तर "सहकार्य कमी". ही माझी पहिली चूक. दोन शब्दांत मी एका मेंदूच्या लक्षणाला स्वभावदोष करून टाकलं.

निर्णयाची जागा १: आळस की लक्षण

त्या रात्री मला ते कोरे रकाने आठवत राहिले. ज्याला करायचंच नाही तो माणूस एवढा व्यवस्थित तक्ता कशाला बनवेल? दुसऱ्या दिवशी ऑपरेशनचा रिपोर्ट परत काढून वाचला. गाठ फ्रंटल लोबमध्ये, आतल्या बाजूला, मधल्या रेषेजवळ. हा भाग म्हणजे गाडीचा स्टार्टर समजा. इंजिन ठीक, पेट्रोल आहे, रस्ता माहितीय, पण किल्ली फिरवणारं कुणी नाही. असे पेशंट उदास असतातच असं नाही, विचारलं तर सगळं सांगतात, हाताला धरून उभं केलं की पुढचं छान करतात. सुरुवात तेवढी होत नाही.

अर्थात हे डिप्रेशन पण असू शकतं, फिटच्या गोळीचा परिणाम पण असू शकतो (लेव्हेटिरासेटाममुळे काहींना चिडचिड आणि मरगळ येते), थायरॉइड किंवा स्टेरॉइड उतरवल्याचा परिणाम पण असू शकतो. म्हणून न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (मेंदूच्या आजाराचा विचार आणि वागण्यावर काय परिणाम झालाय ते तपासणारे) पाठवलं आणि रक्ताच्या तपासण्या बघायला डॉक्टरांना कळवलं. तपासण्या ठीक आल्या. सायकॉलॉजिस्टचं म्हणणं, स्मरणशक्ती आणि हिशोब चांगले आहेत, दुःख फारसं नाही, स्वतःहून काही सुरू करण्यात मोठी अडचण आहे.

मी ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तीन महिने लंगड्या माणसाला पळत का नाहीस म्हणून ओरडत होते." मी म्हटलं, ताई, मी पण फाइलमध्ये तेच लिहिलं होतं. आणि त्यांच्यासमोर ते खोडलं.

दारात उभा माणूस

नवीन प्लॅनमध्ये व्यायाम कमी केले, नवाचे तीन. चालणं, खुर्चीतून उठणं, टाचा उचलणं. बाकी तोलाचं वगैरे माझ्याकडे आल्यावर. डोकं सगळं सुरुवात कशी करायची यावर लावलं.

मोबाइलचा अलार्म लावून बघितला. सर अलार्म बंद करायचे आणि परत बसायचे, अलार्म बंद करणं एवढंच काम डोक्यात पूर्ण व्हायचं. बूट खुर्चीसमोर ठेवून बघितले, त्याने थोडा फरक पडला, आठवड्यातून एकदोनदा घातले जायचे. "आता चालायला जाऊया का?" असा प्रश्न विचारला की उत्तर "थोड्या वेळाने", आणि तो थोडा वेळ कधी येत नाही. म्हणून प्रश्न बंद. ताईंनी समोर जाऊन उभं राहायचं, हात पुढे करायचा, एकच वाक्य, "उठा, बूट." बास. कारण सांगायचं नाही, फायदे सांगायचे नाहीत, कालचा हिशोब काढायचा नाही. पहिल्या आठवड्यात चौदापैकी नऊ वेळा चालणं झालं. एकदा दाराबाहेर पडले की सर स्वतःच म्हणायचे अजून एक चक्कर मारू.

चालताना सोबतच्या माणसाने डावीकडे राहायचं, आणि बोलायचं नाही, निदान सुरुवातीला, कारण बोलता बोलता चालताना डावा पाय घासायला लागायचा. जोर किती, तर वाक्य पूर्ण बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका (हे तपासायला दर पाच मिनिटांनी थांबून एक वाक्य बोलायचं). नाडी मोजून घ्यायचा नाद मी लावला नाही, घरात मोजायला आधीच खूप गोष्टी होत्या. किमोच्या पाच दिवसांत सगळं निम्मं. गोळी रात्री झोपताना, रिकाम्या पोटी, म्हणून चालणं सकाळी, तेव्हा मळमळ कमी असायची. डोक्यावर टोपी, रेडिएशन लागलेली कातडी उन्हात लगेच भाजते.

पण यात एक गोची होती जी मला तिसऱ्या आठवड्यात कळली. ताई बायको राहिल्या नाहीत, हवालदार झाल्या. घरात त्यांच्या तोंडून नवऱ्यासाठी दिवसभरात निघणारी निम्मी वाक्यं "उठा, बूट" असतील तर त्या घराचं काय होणार? म्हणून संध्याकाळची फेरी दुसऱ्या कुणाकडे देता येईल का बघितलं. सरांचे ऑफिसातले एक जुने मित्र जवळच राहायचे. भेटायला यायची त्यांची इच्छा होती पण आजारी माणसाशी काय बोलायचं कळत नाही म्हणून टाळत होते. त्यांना म्हटलं काही बोलू नका, रोज साडेपाचला दारात उभे राहा. त्यांना ते फार पटलं! रोज दारात उभे, बेल वाजवायची, "चल." आणि सर उठायचे. तब्येतीमुळे आम्हीच थांबवलेले दिवस सोडले तर तेव्हापासून ती संध्याकाळची फेरी किती वेळा बुडली ते बोटांवर मोजता येईल.

निर्णयाची जागा २: नेटवरचा आकडा

पाचव्या आठवड्यात रात्री अकराला ताईंचा मेसेज. त्यांनी २०११ चा एक अभ्यास वाचला होता, परत उलटलेल्या ग्लायोमाच्या २४३ पेशंटचा, त्यात आठवड्याला ९ मेट-तासांच्या वर व्यायाम करणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा आकडा) जवळजवळ २२ महिने आणि त्याखालच्यांचा १३ महिने. मेट-तास हे व्यायामाचा जोर आणि वेळ मिळून मोजायचं माप, ९ मेट-तास म्हणजे ढोबळमानाने आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालणं. ताईंनी हिशोब केला होता, सर ६ च्या आसपास भरत होते. "म्हणजे आपण रोज त्यांचे दिवस घालवतोय का?"

इथे मला दोन रस्ते होते. आकडा हातात आलाच आहे तर त्याचा धाक वापरून व्यायाम वाढवून घ्यायचा, आणि खरं सांगते, मोह झाला, कारण ताई काहीही करायला तयार होत्या. किंवा आकड्याचा अर्थ नीट सांगायचा आणि थोडा जोर कमी झाला तर होऊ द्यायचा.

मी दुसरा निवडला. फोनच केला. तो अभ्यास काही व्यायाम देऊन केलेला प्रयोग नव्हता, कोण किती चालतं एवढं विचारून पुढे काय झालं ते बघितलं होतं. ज्यांची गाठ शांत आहे, पाय चालतात, थकवा कमी आहे ते जास्त चालणारच आणि जगणारही जास्त, मग चालल्यामुळे जगले की जगण्याइतके बरे होते म्हणून चालले हे त्यातून सुटत नाही. संशोधकांनी वय, ग्रेड वगैरे धरून हिशोब केला होता तरी ही शंका पूर्ण जात नाही. शिवाय ते पेशंट वेगळे, सरांची गाठ उलटलेली नाही, सरांचा प्रकार वेगळा. मी त्यांना म्हटलं, चालण्याने गाठीवर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण कमोडवरून एकट्याने उठता येईल हे मी जवळजवळ छातीवर हात ठेवून सांगते. ताई म्हणाल्या, मला तेवढंच पुरे. पण नंतर बरेच दिवस एखादी फेरी बुडली की त्यांचा चेहरा पडायचा. आकडा एकदा डोक्यात शिरला की असा निघत नाही.

याच सुमारास स्टेरॉइड एक मिलीग्रॅमच्या खाली येत होतं आणि सरांना उठल्यावर गरगरायला लागलं. झोपून आणि उभं राहून बीपी घेतलं, उभं राहिल्यावर बरंच पडत होतं. डॉक्टरांनी डोस थोडा परत वाढवला आणि मग जास्त संथ उतरवला. आठवडाभर फक्त बसून व्यायाम.

निर्णयाची जागा ३: पोटरी

सातव्या आठवड्यात आम्ही टाचा उचलण्याचे दोनाचे तीन सेट केले होते. शनिवारी दुपारी ताईंचा मेसेज, डावी पोटरी दुखतेय म्हणतात. मी लिहिलं, सेट वाढवलेत त्यामुळे दुखत असेल, दोन दिवस टाचा बंद, बर्फ लावा.

ही माझी दुसरी चूक आणि ही जास्त गंभीर. मी एकही प्रश्न विचारला नाही. व्यायाम दोन्ही पायांनी केला तर एकच पोटरी का दुखेल? सूज आहे का? गरम लागते का? धाप लागते का? काही नाही.

रविवारी संध्याकाळी मित्राने बघितलं की डावा बूट घट्ट होतोय, आणि ताईंनी फोटो पाठवला. फोटोतही फरक दिसत होता. मी व्हिडिओवर टेपने मोजायला लावलं, गुडघ्याखाली एकाच उंचीवर, डावी पोटरी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त. तिथून थेट इमर्जन्सीत पाठवलं, चालवत न्यायचं नाही, मालिश तर अजिबात नाही. डॉपलर म्हणजे शिरांतलं रक्त वाहणं बघायची सोनोग्राफी झाली, गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी. छातीत गेलेली नव्हती. डोक्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून आधी मेंदूचं स्कॅन बघून, रक्तस्राव नाही याची खात्री करून मगच रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं.

शनिवार दुपार ते रविवार रात्र, म्हणजे तीसएक तास गेले. नशीब चांगलं होतं, एवढंच मला यावर म्हणता येतं. ताईंना स्पष्ट सांगितलं की शनिवारी मी चुकीचं उत्तर दिलं.

पुढचा प्रश्न, व्यायाम परत कधी? पूर्वी गुठळी झाली की आठवडा आठवडा झोपवून ठेवायचे. आता औषध नीट सुरू झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की चालणं लवकर सुरू करतात, त्याने गुठळी सुटून जाण्याचा धोका वाढत नाही असं दिसलंय. आम्ही चौथ्या दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटं चालण्यापासून सुरू केलं. पण आता पडणं महाग झालं होतं, रक्त पातळ असताना डोकं आपटलं तर साधी गोष्ट नाही. म्हणून तोलाचे व्यायाम दोन भिंतींच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची, आणि डावीकडे माणूस असल्याशिवाय नाहीत. प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या पेशी, किमोने कमी होतात) आकडा दर वेळी मला कळवायचा हे पण तेव्हा ठरलं. तिसऱ्या सायकलच्या शेवटी प्लेटलेट ६२ हजारावर आले, किमो आठवडाभर पुढे गेली, तेवढे दिवस रबर बँड ओढून करायचे ताकदीचे व्यायाम बंद, चालणं चालू. ५० हजाराच्या खाली गेले तर रक्त पातळ करायच्या औषधाचा डोसच परत बघावा लागेल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, ती वेळ आली नाही.

काय बदललं

बाराव्या आठवड्यात परत मोजलं. खुर्चीतून उठणं ५ चं १०. सहा मिनिटांत ४१५ मीटर, न थांबता. उठून जाऊन येऊन बसायला ११ सेकंद. डाव्या पायावर ८ सेकंद. थकवा सातचा पाच, पण दुपारची झोप तशीच. यातलं किती व्यायामाने आणि किती स्टेरॉइड उतरल्याने हे वेगळं काढता येत नाही, मांड्यांचं निम्मं श्रेय तरी स्टेरॉइड कमी होण्याला द्यावं लागेल.

कमोडवरून एकटे उठायला लागले नवव्या आठवड्यात. ताईंनी त्याचा मला वेगळा फोन केला.

जे बदललं नाही ते पण लिहायला हवं. सुरुवात करण्याची अडचण जवळजवळ तशीच आहे. दारात कुणी नसेल तर सर बसून राहतात. डाव्या चौकटीला खांदा अजून आपटतो, कमी वेळा. मुलगी आता रविवारी सोबत जाते, पण ती व्यायामापेक्षा सायकॉलॉजिस्टने तिच्याशी बोलल्यामुळे, असं मला वाटतं.

आज हीच केस आली तर

रेडिएशन सुरू व्हायच्या आधीच गाठायचं. स्टेरॉइड चालू झालं त्याच आठवड्यात खुर्चीतून उठण्याचा आकडा घेऊन ठेवला असता तर मांड्या जाताना दिसल्या असत्या, गेल्यावर नाही.

कागद देण्याआधी गाठ कुठे आहे ते वाचायचं. फ्रंटल लोब दिसला की पहिला प्रश्न, तुमच्याकडे रोज सुरुवात कोण करून देईल. आणि घरच्या माणसाशी पेशंटच्या मागे वेगळं दहा मिनिटं बोलायचं, ताईंनी बंद टीव्हीची गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली असती, मी विचारलंच नाही.

पायाबद्दलचे चार प्रश्न आता मी पहिल्याच भेटीत घरच्यांना लिहून देते, मोबाइलमध्ये सेव्ह करायला लावते: एकच पाय दुखतोय का, सुजलाय का, गरम आहे का, धाप किंवा छातीत दुखणं आहे का. शेवटच्याला हो असेल तर मला मेसेज करायचाच नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. पहिल्या तीनपैकी कशालाही हो असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, मला नंतर कळवलं तरी चालेल. नवीन झटका, एकदम वाढलेली डोकेदुखी, उलट्या, एका बाजूचा जोर अचानक जाणं, यालाही सरळ हॉस्पिटल.

ट्रेडमिल आणि पोहण्याबद्दल मात्र मी आजही तेच ठरवलं असतं.

सध्या

सहावी सायकल संपली, शेवटच्या एमआरआयमध्ये बदल नाही. सर आठवड्याला साधारण दीडशे मिनिटं चालतात, खुर्चीतून उठणं १२ वर आहे, घरून दोन तास हिशोबाचं काम करतात, तेही कुणी लॅपटॉप उघडून समोर ठेवला तर.

मित्राची पुढच्या महिन्यात बदली होतेय. साडेपाचला दारात कोण, हा आमचा सध्याचा प्रश्न आहे. मित्राने रोज त्याच वेळी व्हिडिओ कॉल करून पलीकडे स्वतः चालत राहायचं असं ठरवून बघतोय. मागच्या आठवड्यात तीन दिवस ट्रायल घेतली, दोन दिवस सर उठले, एक दिवस फोन हातात धरून बसल्या जागी गप्पा मारल्या. आता मित्र कॉलवर बोलणार नाही, फक्त "चल" म्हणणार आणि फोन खिशात टाकणार, असं करून बघायचंय.